खालचा खण

केसरबाईंनी खालचा खण तिसऱ्यांदा उघडला, आत कोपरापर्यंत हात घालून चाचपलं आणि पुन्हा लावला.

"काही राह्यलं का, वैनी?" बंकटने विचारलं.

"न्हाई. काय राहायचंय?"

पोलिसांचं काम संपल्यावर जीप बंकटच्या माजलगावच्या वर्कशॉपात आणून सोडली होती. केसरबाई नवऱ्याचं, राधाकिशनरावांचं, सामान न्यायला आल्या होत्या. टॉर्च, दोरखंड, पाने त्यांनी पिशवीत भरले. जीपच्या मागचे चारही खण बंकटनेच बांधलेले. पावसात लाकूड फुगून खण अडू नये म्हणून तो प्रत्येक खणामागे दोन बोटं जागा सोडायचा.

आता त्या खणांकडे त्याला बघवत नव्हतं.

राधाकिशनरावांना जुन्या मिलिटरी जीपचं वेड. धरणाच्या गाळात गाडी घालायची तर टायरची हवा कमी करावी लागते, बाहेर आलं की भरावी लागते. पंप आणि हवेची टाकी गाडीतच पाहिजे, हा त्यांचा हट्ट. पंप आपोआप बंद करणारा स्विच अजून यायचा होता. तोवर थांबायला ते तयार नव्हते. पंप हाताने बंद करायचा, आणि विसरलंच तर जास्तीची हवा सोडायला टाकीवर सेफ्टी व्हॉल्व्ह होता.

बसवल्यापासून पाचव्या दिवशी धरणावर टाकी फुटली. राधाकिशनराव तिला टेकूनच उभे होते. केसरबाई लांब बाभळीखाली डबा सोडत होत्या, म्हणून वाचल्या.

टाकीचे तुकडे पोलिसांनी नेले. बंकटला त्यांनी फोटो दाखवला. व्हॉल्व्हच्या जागी आंधळा, भोक नुसतं बुजवणारा बोल्ट होता.

तो बोल्ट त्याचाच. टाकी पाण्याने तपासताना तेवढ्यापुरता लावायचा, मग काढून पान्यांसोबत खालच्या खणात ठेवायचा. त्या जागी व्हॉल्व्ह आवळायचा, आणि आवळल्यावरच सांध्यावर रंगाची रेघ ओढायची. अर्धी टाकीवर, अर्धी व्हॉल्व्हवर. कुणी सांधा फिरवला तर रेघ तुटते.

पण टाकी बसवली त्या दिवशी वीज सारखी जात होती आणि राधाकिशनराव डोक्यावर उभे राहून ओरडत होते. लाल रंगाची डबी वाळली होती. केसरबाईंनी पर्समधून जांभळी नेलपॉलिश काढून दिली. व्हॉल्व्ह कशासाठी असतो, हेही त्यांनी विचारलं. त्याने समजावून सांगितलं.

"तुला कशाला पाहिजे गं त्या चौकशा?" राधाकिशनराव म्हणाले. केसरबाईंनी प्लास्टरमधला हात पदराखाली घेतला.

अकरा सांध्यांवर रेघ ओढल्याचं बंकटला आठवत होतं. बारावा, व्हॉल्व्हचा, काही केल्या आठवत नव्हता.

"वैनी," तो म्हणाला, "बोल्ट काढायचा मीच इसरलो. उद्या ठाण्यात जाऊन लिहून देतो."

केसरबाईंनी पिशवी खाली ठेवली. प्लास्टर निघालं होतं, पण दोन बोटं अजून वाकत नव्हती.

"कावून? त्यांनी अपघात लिहिलाय. माझी तक्रार न्हाई."

"माणूस गेला, वैनी. माझ्या हातानं."

त्यांनी जीपकडे बघितलं.

"लेकरं बारीक हायत तुमची, भाऊ. कुटं जाऊ नका. ही गाडी तेवढी मोडीत घाला. आजच."

पिशवी उचलून त्या गेल्या. बंकटला रडू आलं. ज्या बाईचं कुंकू आपण पुसलं, तिला आपल्या लेकरांची काळजी. उद्या ठाण्यात जायचंच, हे त्याने तेव्हाच पक्कं केलं. पण त्यांचा शब्दही मोडवेना. त्याने गाडी मोडायला घेतली.

सुरुवात खणांपासून केली. खालचा खण त्याने रुळांवरून पूर्ण बाहेर ओढून काढला. मागच्या दोन बोटांच्या जागेत काहीतरी खडखडलं आणि घरंगळत येऊन त्याच्या पायाशी थांबलं.

सेफ्टी व्हॉल्व्ह. त्याच्यावर अर्धी जांभळी रेघ होती.