क्रूस सुताराकडे असताना

वेदीमागचा लाकडी क्रूस दुरुस्तीसाठी सुताराकडे गेला होता. मी रिकामी भिंत रंगवायला घेतली, तर भर दुपारी तिच्यावर क्रुसाची सावली पडलेली!

पांढऱ्या रंगाचे दोन हात मारले. सावली ओल्या रंगावर पुन्हा येऊन बसली.

"राहू दे," फादर म्हणाले. "न दिसणारंही असतं, बाबा."

माझं डोकं फिरलं. "वस्तूच नाही, तर सावली कुठून? हाडामांसाच्या माणसाची कशी पडते, बघा!"

खिडकीकडे पाठ करून, हात पसरून मी भिंतीसमोर उभा राहिलो. क्रुसाची सावली होती तिथेच होती. माझी पडलीच नाही.

फादर गुडघ्यांवर बसले. मी नाही बसलो.

"तिसरा हात मारतो," म्हणत मी ब्रश उचलला.

भिंतीवर नुसत्या ब्रशची सावली वर चढू लागली.