आपला विश्वासू

नवरा कंपनीत मुख्य अभियंता. तीस वर्षं कार्यालयीन पत्रं लिहून जिभेला असं वळण लागलेलं, की जेवणाआधीची प्रार्थनाही तो ‘आपला विश्वासू, मुख्य अभियंता’ अशीच संपवायचा. जावक क्रमांक तेवढा नसायचा. ‘आमेन’ म्हणायचं काम बायकोकडे होतं.

सोमवारी कंपनीने मुख्य अभियंता हे पदच रद्द केलं, आणि पदाबरोबर नवऱ्यालाही.

त्या संध्याकाळी अन्नाबद्दल प्रभू येशूचे आभार मानून तो ‘आपला विश्वासू’पर्यंत आला आणि अडकला.

“अगं, खाली लिहायला आता काहीच उरलं नाही.”

“अहो, मग तिथंच थांबा की! त्यापुढचं प्रभूने कधी वाचलंच नव्हतं.”

नवऱ्याने क्षणभर विचार केला, ‘आमेन’ स्वतःच म्हणून टाकलं आणि ताट पुढे ओढलं.