खालच्या दोन ओळी

वॉर्डातली कुठलीही गोष्ट लोकांना आधी कळायची ती नगरसेविकेच्या कचेरीबाहेरच्या फळ्यावरून. मजकूर तिचा आणि अक्षर तिच्या बाबांचं, मोत्यासारखं. तिने खडू उचलला की ते म्हणत, "ठेव तो. तुझे कोंबडीचे पाय वाचायला कोंबड्या बोलवायच्या का?" फळ्याच्या तळाशी दोन ओळींची जागा मात्र ते नेहमी कोरी सोडत. माणूस गेल्याची बातमी काही सांगून येत नाही, म्हणत.

बुधवारी पहाटे बाबा गेले. सकाळी शिपाई डस्टर घेऊन फळ्यापाशी उभा होता. वर बाबांनी कालच लिहिलेलं होतं, 'गुरुवारी पाणी येणार नाही. भरून ठेवा.'

"ताई, हे पुसू का? लोकांना कळवायला तर हवं."

"पुसू नका. खाली जागा आहे."

तिने बाबांचं नाव लिहिलं, अंत्ययात्रेची वेळ लिहिली. दुसरी ओळ पार उताराला लागली.

तेवढ्यात समोरच्या इमारतीतल्या आजी रोजच्यासारख्या चष्मा सावरत आल्या. पाण्याची सूचना त्यांनी एका दमात वाचली आणि खालच्या दोन ओळींशी अडखळल्या. बराच वेळ डोळे बारीक करून पाहिलं.

"कोण गेलं गं? हे अक्षर काही लागत नाही बाई. तुझ्या बाबांना सांग, एवढ्या दोन ओळी नीट लिहून द्या म्हणावं."