चौदावा सोमवार

"सकाळी काय खाल्लंत?" हरिश्चंद्रने विचारलं.

आनंदीबाई खुशीत हसली. "पाण्याचा थेंबसुद्धा नाय. नाहून-धुऊन निर्जळी आलेय."

रक्तपेढीतल्या हरिश्चंद्रने तिच्या दंडावरचा पट्टा सोडला, परत बांधला, परत दाब बघितला आणि मान हलवली. "मग आज रक्त नाही घेता येणार, मावशी. दाब पार खाली गेलाय."

आनंदीबाईला वाटलं, माणूस थट्टा करतोय. दान म्हटलं की पोट रिकामं हवं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. लेकीच्या लग्नात मुहूर्त होईस्तो ती आणि नवरा दोघंही उपाशी उभे होते. "कन्यादान काय कोण भरल्या पोटी करतो?"

"हे दान जेवूनच करायचं. उपाशी माणसाचं रक्त काढलं तर देणाराच आडवा होतो, मग मी दुसरी खाट कुठून आणू?" हरिश्चंद्रने घड्याळाकडे पाहिलं. साडेअकरा झाले होते. "पोटभर खा, पाणी प्या, दोन-तीन तास पडा. मग परत दाब बघू. पण उशीर नको. चार वाजता तुमच्या सुनेला ऑपरेशनला आत घेणार आहेत, त्याआधी बाटली लागेल."

ती बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर येऊन बसली. डोकं हलकं झालं होतं. फरशी होडीच्या तळासारखी सावकाश डुलत होती. मांडवीकडून खारा वारा येत होता, त्यात कुठल्याशा बागेतल्या मोहोराचा वास मिसळलेला. छान वाटत होतं आणि भीतीही वाटत होती.

पलीकडच्या वॉर्डात तिची सून मालन निजलेली. तिसऱ्या महिन्यातच पोट पडलं आणि काल रात्रीपासून रक्त थांबेना. लेकाला, भास्करला, मुंबईला तार गेली होती, पण तो पोचणार उद्याच्या एसटीने. शेजारच्या गोदाचं रक्त जुळलं नाही, आनंदीबाईचं जुळलं. सासूसुनांचं कशात म्हणून जुळत नसे, ते रक्तात जुळलं म्हणून गोदा सकाळी हसली होती.

आता मात्र गोदा हसत नव्हती. मालनसाठी तिने पेज करून आणली होती, पण डॉक्टरांनी मालनला काही द्यायचं नाही म्हणून सांगितलेलं. डबा तसाच गोदाच्या मांडीवर होता.

"ही पेज खा म्हणू तरी कशी, वयनी?" गोदा म्हणाली. "आज चौदावा सोमवार तुझा. दोन सोमवारांसाठी सगळं पाण्यात घालतेस? मोडला तर परत पयल्यापासून धरायला लागेल."

नातू व्हावा म्हणून आनंदीबाईने वेळणेश्वराला सोळा सोमवार बोलले होते. दहाव्या सोमवारी मालनला दिवस गेल्याचं कळलं, तेव्हा देव पावला म्हणून तिने आळीभर साखर वाटली. काल ते सगळं वाहून गेलं. तरी आज पहाटे उठून तिने उपास धरलाच. देव एकदा पावला तो परत पावेल, एवढाच तिचा हिशेब. आणि आता तोच उपास मालनच्या आड येऊन बसला होता.

तिने डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांपुढे एक गुबगुबीत पोर वाळूतून रांगत तिच्याकडे येऊ लागलं. त्याचे तळवे ओले होते. अगदी हाताशी आलं, उचलून घ्यावं इतक्या जवळ. आणि मागे कुणीतरी कण्हलं. मालनच असावी.

आनंदीबाईने डोळे उघडले. उत्तरेकडे, वेळणेश्वराच्या दिशेला तोंड करून हात जोडले. "देवा, जरा वेळ दर्याकडे बघ," ती म्हणाली आणि गोदाच्या मांडीवरचा डबा ओढून घेतला.

पेज गार झाली होती. तिने ती लोणच्याच्या फोडीबरोबर चाटूनपुसून खाल्ली, वर तांब्याभर पाणी प्यायली आणि बाकावरच आडवी झाली. गोदा पदराने वारा घालत राहिली.

अडीच वाजता हरिश्चंद्रने दाब बघितला आणि यावेळी मान डोलावली. सुई टोचली तेव्हा थोडं दुखलं. मग नळीतून रक्त जाऊ लागलं आणि तिला सुस्ती आली. भास्करला अंगावर पाजताना दुपारी अशीच झापड यायची. आपल्या अंगातलं काहीतरी दुसऱ्याच्या जिवाला चाललंय, याचं तिला फार बरं वाटत होतं. मालनला या घरात येऊन पाच वर्षं झाली, पण ती आपली आहे असं आज पहिल्यांदा वाटलं आणि त्याची आनंदीबाईला लाजही वाटली.

दिवेलागणीला मालनने डोळे उघडले. रक्त थांबलं होतं. खाटेशेजारी टांगलेली बाटली अर्धी झाली होती. तिने बाटलीकडे पाहिलं, मग सासूच्या हातावरच्या कापसाच्या बोळ्याकडे पाहिलं.

"आई, आज सोमवार ना?"

"सोमवारच."

"आणि उपास?"

"मोडला. तुझी पेज मी खाल्ली."

मालनच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी उशीवर ओघळलं. "चौदावा होता, आई. आता पुन्हा पयल्यापासून धरायला लागतील."

आनंदीबाई तिच्या कपाळावरचे केस मागे सारत होती. सुईची सुस्ती अजून अंगात होती. 

"कशासाठी गो?" तिने विचारलं. खरंच तिला आठवत नव्हतं.