आवाज खपवायचा क्लास

इटलीतल्या बारी शहरात आवाज कसा खपवावा हे शिकवणारा एक क्लास आहे. शिकवतो लुडोविको नावाचा पोरगा. त्याचा स्वतःचा आवाज त्या खोलीबाहेर कुणी ऐकल्याचं माझ्या तरी कानावर नाही.

आज त्याने मला उभं केलं आणि अत्तराची जाहिरात वाचायला लावली.

"सिन्योर कोझिमो, वाईट वाटून घेऊ नका," तो खुर्चीत रेलून म्हणाला, "पण तुमचा काही ब्रँडच नाही. व्हॉइस ओव्हरच्या धंद्यात आपली खास जागा शोधावी लागते. हा आवाज ऐकून कुणी खिडकीसुद्धा उघडणार नाही."

तेवढ्यात खालच्या गल्लीत धारवाल्याची गाडी आली. भोंग्यावर नेहमीची टेप: "बायांनो, धारवाला आला हो! सुऱ्या आणा, कात्र्या आणा!"

लुडोविको ताडकन उठला. खिडकी उघडून "थांब रे, थांब!" असं ओरडला आणि खणातली बोथट कात्री घेऊन जिन्याकडे पळाला. "आलोच! ही गाडी चुकली की महिनाभर बोंब!"

शेजारी बसलेली, माझ्याबरोबर शिकणारी अदोलोराता माझ्याकडे बघतच राहिली.

"कोझिमोकाका, अहो, हा तर तुमचा आवाज!"

"माझाच. तरुणपणी चुलतभावाच्या गाडीसाठी टेप भरली होती. आता इथल्या सगळ्या गाड्यांवर तीच वाजते. टेपवर नाव थोडंच असतं?"

"मग येऊ दे त्या शहाण्याला वर, सांगा तोंडावर!"

"छे," मी म्हणालो. "गिऱ्हाइकाशी मी हुज्जत घालत नाही."