कार आधी पोचली

कार आली, पण मोटारसायकल आली नव्हती.

सेक्टर दोनमधल्या स्टील प्लांटच्या क्वार्टरांच्या रांगेपुढं रेल्वेचा एक जुना रूळ रस्ता ओलांडून जातो. शामसुंदररावांची कार त्यावर दणका खाऊन पुढं आली आणि थांबली. वरच्या गॅलरीतून भाग्यश्री वाकून बघू लागली. कारमधून मुलाचे आईवडील उतरले. मुलगाच नव्हता.

"कमलेश मोटारसायकलनं येऊन राहिला," शामसुंदरराव खालूनच म्हणाले. "जामुलहून संगंच निघालो आमी."

संगंच निघाले, आणि कमलेश मागं राहिला? ज्याचे व्हिडिओ लाखभर लोक बघतात तो? 'मेरी बाइक के आगे कोई कार टिक के दिखाए' हे त्याचं वाक्य भाग्यश्रीच्या बाबांना, कृष्णरावांना, तोंडपाठ होतं. होणाऱ्या जावयानं कारवाल्यांना कशी धूळ चारली ते त्यांनी प्लांटात आपल्या अख्ख्या डिपार्टमेंटला मोबाइलवर दाखवलं होतं.

आईला, वच्छलाबाईंना, हे स्थळच नको होतं. "ज्याले ब्रेक माहीत नाही, त्याच्या मांगं माही पोरगी बसन का?" असं त्या सकाळपासून कांदा चिरता चिरता म्हणत होत्या.

भाग्यश्रीचं तिसरंच. फोनवर बोलता बोलता तिला कमलेश मनापासून आवडून गेला होता, पण त्याच्या व्हिडिओंवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. कार मागं पडताना दिसायची खरी, पण रस्त्याकडेची माणसंही जरा जास्तच भराभरा चालताना दिसायची. तिची पंचाईत अशी होती की ते खरं निघालं तर जन्मभर जिवाला घोर, आणि खोटं निघालं तर नवरा थापाड्या. आणि हो की नाही ते आजच, पोहे खाऊन होईपर्यंत, सांगायचं होतं.

पोहे आले. त्यावर तर्री आली. कमलेश आला नाही.

"रस्त्यात फॅन भेटले असतीन," कृष्णराव उत्साहानं म्हणाले. "फोटो काढू काढू बेजार करतात लोक."

"फोन कावून उचलून नाही राहिला मंग?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"गाडीवर असला का उचलत नाही तो," कमलेशची आई शैलाबाई म्हणाल्या. पण त्याही दाराकडं बघत होत्या.

पोह्यांची वाफ निघून गेली. बोलणं तुटक झालं. स्थळ नको म्हणणाऱ्या वच्छलाबाईच आता दारात जाऊन उभ्या राहिल्या. भाग्यश्रीच्या डोळ्यांपुढं नको नको ते येऊ लागलं. हायवे, ट्रक, आडवी पडलेली मोटारसायकल. तिला रडूच यायला लागलं. थापाड्या असू दे, ती मनात म्हणाली, पण धड येऊ दे.

ती उठून पुन्हा गॅलरीत गेली.

आणि कोपऱ्यावरून मोटारसायकल आली. काळी, चकचकीत, व्हिडिओतलीच. पण तिला बाजूनं एका सायकलवाल्यानं मागं टाकलं. तो बिचारा डोक्यावर पालक-मेथीची टोपली सांभाळत चालला होता.

रूळ आला. या रुळावरून आगगाडी गेलेली कुणाला आठवत नाही. आत गवत माजलंय, आणि पलीकडं रुळालाच कुणीतरी शेळी बांधलेली असते. कार, रिक्षा, शाळेची बस, सगळे दणकत निघून जातात. कमलेश थांबला. पाय खाली टेकवला. डावीकडं पाहिलं. उजवीकडं पाहिलं. शेळीनंही त्याच्याकडं पाहिलं. मग पुन्हा एकदा डावीकडं पाहून त्यानं रूळ ओलांडला.

कमलेश प्लांटात मालाचे डबे हलवणाऱ्या शंटिंग इंजिनावर कामाला होता. तिथं रूळ दिसला की दुचाकीवाल्यानं थांबायचं, पाय टेकवायचा, दोन्हीकडं बघायचं, हा शिरस्ताच आहे. पण गेटबाहेर पडल्यावर तो पाळणारा माणूस भाग्यश्रीनं आजवर पाहिला नव्हता. तिला इतकं हसू आलं, इतका आनंद झाला, की ती तीन-तीन पायऱ्या गाळत खाली धावली. कमलेशचं हेल्मेटसुद्धा अजून निघालं नव्हतं.

"कारनं हरवलं तुमाले," ती म्हणाली.

त्यानं घाईनं वर दाराकडं पाहिलं. "हळू बोला ना. तुमच्या बाबांले ऐकू जाईन."

"मंग व्हिडिओत कसे जिंकता?"

"सच बताऊँ?" हेल्मेट निघालं. आत घामेजलेला, भेदरलेला चेहरा होता. "तो कारवाला दोस्तच आहे माहा. मुद्दाम मांगं राहते. अन् व्हिडिओ मी फास्ट करून टाकतो. मी चाळीसच्या वर जातच नाही, भेव वाटते मले." तो खाली बघू लागला. "आता तुमी नाही म्हणसान. मालूम आहे."

एका प्रश्नात सगळं कबूल करणारा थापाड्या तिनं पहिल्यांदाच बघितला.

तेवढ्यात वरून कृष्णरावांचा आवाज दणाणला. "आले का जावईबापू? बोला, किती कारा मांगं टाकल्या?"

कमलेशनं केविलवाणं तिच्याकडं पाहिलं.

"बाबा, आईले पोहे गरम करायले सांगा," भाग्यश्री ओरडली. "अन् माहा हो आहे."

वर एकदम गलका उठला. कमलेश मात्र हेल्मेट पोटाशी धरून तसाच उभा होता, ऐकलं ते खरं की काय अशा चेहऱ्यानं. ती जिन्याकडं वळली आणि हळूच म्हणाली, "इंटरनेटवर काय सांगाचं ते सांगा. घरी मात्र रोज असेच उशिरा येजा."