उन्हाळ्याचं माप

“हा नको. टोचतो,” म्हणत आईने दोऱ्याचा गुंडा गालावरून फिरवला आणि बाजूला सारला.

पलंगावर सगळं दुकान मांडलं होतं. सुती दोऱ्याचे गुंडे, नमुन्यांची जुनी मासिकं, सुया, मापाची टेप. बाहेर हाडं गोठवणारी थंडी होती आणि आई दोन शाली लपेटून, उशांना टेकून, उन्हाळ्यात घालायचा टॉप निवडत होती. सकाळी ती नुसतं म्हणाली, “उन्हाळ्यासाठी काहीतरी विणायला घेऊ या.” मुलगी धावत जाऊन हे सगळं घेऊन आली होती. दुसरं करणार काय? “थंडी निघेल,” डॉक्टर तिला दाराबाहेर बोलावून म्हणाले होते, “पण उन्हाळा धरून चालू नका.”

आईला याचा वासही लागू द्यायचा नाही, असं मुलीने ठरवलं होतं. म्हणून ती सकाळपासून हसत होती. हसून हसून तिचे गाल दुखायला लागले होते. तिच्यापाशी आणखी एक बातमी होती, चांगली. ती तर मुळीच सांगता येत नव्हती. ती ऐकली असती तर आई उन्हाळ्याची वाट बघायला लागली असती.

“हा बघ, जाळीचा. किती हवेशीर!” मुलीने मासिक पुढे धरलं.

“एवढी मोठी भोकं? बोटं अडकतात त्यात. बारीक वीण घे. साधी.”

जाळीची वीण म्हणजे आईचा जीव की प्राण. जन्मभर तिने लोकांसाठी विणलं, पण जाळी विणायची म्हटली की जेवणखाण विसरायची. तिची बोटं आता कपाची दांडीसुद्धा धड पकडत नव्हती. मुलीने पान उलटलं.

“मग हा? डोक्यातून घालायचा.”

“नको गं बाई. पुढून उघडा हवा. बटणांचा.”

बरोबरच होतं. हात वर करताना आईच्या तोंडून कण्हणं निघायचं. मुलीने नमुन्यावर खूण केली. एक मऊशार गुंडा तिने स्वतः पसंत केला, तर आईने तो चिमटीत धरून ओढून पाहिला. “याचे तंतू सुटतात. तोंडात जातात.” खोकल्यामुळे म्हणत असेल, असं मुलीला वाटलं आणि तोही गुंडा बाद झाला. विणून घ्यायला आलेल्या कुठल्याही गिऱ्हाइकाने आईला एवढं छळलं नसेल.

रंगावर मात्र मुलगी अडली. लाल म्हणजे लाल, पिवळा म्हणजे पिवळा, असली आई. आणि तिने नेमका सायीच्या रंगाचा गुंडा उचलला. त्या फिक्या रंगाकडे मुलीला बघवेना.

“हा कशाला? जरा काही सांडलं की डाग.”

“नाही दिसत डाग याच्यावर.”

याच्याइतका डाग दाखवणारा रंग दुसरा नसेल. पण मुलीने वाद घातला नाही. तेवढ्यात शेजारच्या घरातून तळणीचा वास आला आणि ती तोंडावर हात धरून मोरीकडे धावली. परत आली तेव्हा आई मासिकात डोकं घालून बसली होती.

“काहीतरी बाधलं वाटतं,” मुलगी म्हणाली.

“असेल,” आई म्हणाली.

आता माप राहिलं. मुलगी सकाळपासून याच गोष्टीला घाबरत होती. अंगावर माप घेतल्याशिवाय आईने आयुष्यात कुणासाठी सुईवर टाका घातला नव्हता. जावई पहिल्यांदा घरी आला, तेव्हा चहाच्या आधी तिने त्याला हात पसरून उभं केलं होतं. बिचाऱ्याला वाटलं, झडती घेतायत. पण आज त्या शालींच्या आत काय उरलं होतं ते मुलीला ठाऊक होतं, रोज तीच अंग पुसत होती. टेप लावली की आकडा बोलणार, आणि आईला आकडे वाचता येत होते.

“तुझं मागचंच माप धरते ना,” ती शक्य तितक्या सहज म्हणाली. “सैल झालं तरी उन्हाळ्यात बरंच.”

“मागचं माप? माझ्या घरात?” आईने हात पुढे केला. “टेप दे इकडे.”

“आई, राहू दे ना आज. दमलीस तू.”

“दे म्हणते ना.”

मुलीने टेप दिली. हसू चेहऱ्यावर धरून ठेवणं आता जमेना.

“अशी जवळ ये. आणखी जवळ. हात वर कर.”

आईने टेप मुलीच्याच छातीभोवती गुंडाळली. मग कमरेभोवती. तिथे तिचा तळवा जरा जास्त वेळ टेकून राहिला. आकडा बघून तिने मनाशी त्यात काही इंच मिळवले आणि टेप सैल केली.

“आई, अगं, टॉप तुझा आहे.”

“मला कुठला आता उन्हाळा?” आई म्हणाली. आवाज अगदी रोजचा, गिऱ्हाइकाशी बोलतानाचा. “पोटापाशी चांगला ऐसपैस ठेव. आणि बटणं पुढूनच घे, विसरू नकोस. नंतर पाजायला बरं पडतं.”